स्टेपनी १४ ची, चाकं १६ ची, तरी स्टेपनीच उंच! खराब रस्त्याला नेमका कुठला टायर घ्यावा?

मंद्रूप_रोड

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर जुळे सोलापुरात, शाळा मंद्रूपच्या पुढे भीमेच्या बाजूला. एका वेळचे ३८ किलोमीटर. विजापूरचा हायवे आहे तोवर काहीच त्रास नाही. त्रास शेवटच्या ११ किलोमीटरचा. डांबर आहे, पण दोन्ही बाजूंनी कड तुटत तुटत आत आलीय. बाजूची माती पावसाने वाहून गेल्यामुळे डांबर आणि साइडपट्टीमध्ये चांगली चार बोटांची पायरी झालीय. कारखाने सुरू झाले की समोरून उसाच्या जोडट्रॉल्या येतात. ट्रॉलीला खाली उतरणं शक्य नसतं, आपल्यालाच उतरावं लागतं. उतरताना गाडी आदळते, आणि परत डांबरावर चढताना डाव्या चाकाला जो हिसका बसतो तो स्टिअरिंगमधून हाताला कळतो.

गाडी २०१५ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, दोन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली. आधीच्या मालकांनी काळे अलॉय बसवले होते. दिसायला सुंदर, मलाही आवडले होते. टायरवर १९५/५० आर १६ ८४ व्ही असं लिहिलंय. या दोन वर्षांत डावीकडच्या पुढच्या टायरला एकदा फुगा आला म्हणून बदलला. त्याच बाजूची मागची रिम वाकली, ती ठोकून सरळ करून घेतली, आणि तिच्यातून आता दर आठवड्याला हवा कमी होते.

गेल्या गुरुवारी पुढे परत फुगा आला, लिंबाएवढा. शाळेच्या दारातच लक्षात आलं म्हणून बरं. एका पालकांनी स्टेपनी चढवून दिली. ही स्टेपनी मी आजवर बाहेर काढलीच नव्हती. ती साध्या लोखंडी डिस्कची आहे आणि तिच्यावर १६५/८० आर १४ ८५ टी लिहिलंय. चढवून गाडी जॅकवरून खाली घेतली आणि बघते तर ते चाक दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा उंच! १४ हा १६ पेक्षा लहान, १६५ हा १९५ पेक्षा लहान, मग चाक मोठं कसं? एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "मोठी रिम खड्ड्याला चांगली असते मॅडम, आता १७ ची टाका." मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही.

अजून एक. शाळेच्या गेटपासून घरापर्यंत माझ्या मीटरवर ३९.१ किलोमीटर येतात. त्याच वसाहतीत राहणाऱ्या सरांच्या गाडीवर ३८. रस्ता एकच, गेट एकच. याचाही टायरशी संबंध असेल का?

गाडीत आम्ही चौघी शिक्षिका असतो, त्यामुळे हा फक्त खर्चाचा प्रश्न नाही. हाच टायर परत घ्यावा की सगळंच बदलावं? आकडे कसे वाचायचे तेवढं जरी कुणी नीट समजावलं तरी मी पुढचं ठरवीन.

टायरवाला_बाळे

मॅडम, टायरच्या धंद्यात मला २७ वर्षं झाली. तुमचं कोडं तुम्ही सोडून दिलेल्या आकड्यात आहे, म्हणजे मधल्या. दुकानात येणारे बहुतेक लोक पहिला आणि शेवटचा आकडा तोंडपाठ सांगतात. मधला विचारला की मोबाइलमध्ये फोटो शोधायला लागतात.

एकाच ओळीत तीन वेगवेगळी मापं असतात, गोंधळ तिथे होतो. तुमच्या स्टेपनीचं बघू. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० हे मिलिमीटर नाहीत, तो टक्का आहे. रुंदीच्या ८० टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचं रबर. १६५ चे ८० टक्के १३२ मिलिमीटर. आणि १४ हा रिमचा व्यास, तो इंचात. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. आता रबर रिमच्या वरही असतं आणि खालीही असतं, म्हणून १३२ दोनदा धरा. ३५५.६ अधिक २६४, झालं ६१९.६. हा तुमच्या स्टेपनीचा पूर्ण व्यास.

अलॉयवाल्या चाकाचं तसंच करा. १९५ चे ५० टक्के ९७.५. दोनदा धरले की १९५. रिम १६ इंच म्हणजे ४०६.४. बेरीज ६०१.४. म्हणजे १४ ची स्टेपनी तुमच्या १६ च्या चाकापेक्षा १८ मिलिमीटर उंच. दिसणारच.

मीटरचंही उत्तर यातच आहे. गाडीचं मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं आणि चाक ६२० चं आहे असं धरून चालतं. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त. ६१९.६ भागिले ६०१.४ करा, १.०३ येतं. ३८ गुणिले १.०३ किती? ३९.१. तुमचं मीटर प्रामाणिक आहे, चाक बदललेलं आहे. वेगाचा काटाही तसाच थोडा पुढे असणार, आणि लिटरला किती पडते याचा तुमचा हिशोबही खरा नाही. मीटरवर २० पडत असेल तर खरं साडेएकोणीसच्या आत.

आता फुग्याचं. खड्ड्याची धार किंवा तुम्ही म्हणता ती डांबराची पायरी टायरवर आदळते तेव्हा टायर क्षणभर दाबला जाऊन रस्ता आणि रिमची कड यांच्या चिमटीत सापडतो. टायरच्या बाजूच्या आत धाग्यांचा थर असतो, बहुतेक पॉलिस्टरचा. हवेचा सगळा जोर तो थर धरून ठेवतो. चिमटीत तो धागा तुटतो, वरचं रबर मात्र अखंड राहतं. मग आतली हवा त्या कमजोर जागी रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. त्याला पंक्चर काढता येत नाही, पॅच चालत नाही, तो टायर बाद. तुमच्याकडे चिमटीत सापडायच्या आधी ९७ मिलिमीटर रबर होतं. कंपनीने दिलेल्या मापात १३२ होतं. साडेतीन सेंटीमीटरचा फरक, आणि त्या पायरीवर सगळा खेळ तेवढ्याचाच आहे. १७ ची रिम टाकली असती तर, समजा २०५/४५ आर १७, बाजूला फक्त ९२ मिलिमीटर उरले असते. ज्यांनी तो सल्ला दिला त्यांनी रिम मोजली, रबर मोजलं नाही.

शेवटचे आकडेही बघा, तुम्ही चौघी बसता म्हणून सांगतो. ८४ आणि ८५ हे वजनाचे क्रमांक आहेत. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, ८४ म्हणजे ५००. रुंद आणि महाग टायर कमी वजन पेलतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते, आणि बुटक्या टायरमध्ये हवेला जागा कमी. टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग, व्ही म्हणजे २४०. मंद्रूपच्या पुढे व्हीचा काय उपयोग?

आत्ता ताबडतोब एक करा. स्टेपनी पुढे ठेवू नका. स्विफ्टची ताकद पुढच्या चाकांना जाते. दोन्ही बाजूंची चाकं वेगळ्या मापाची असली की मधलं डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना कमीजास्त फिरू देणारे गिअर, सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं. किलोमीटरला पंधरा फेऱ्यांचा फरक आहे, तुमच्या एका खेपेत तो सहाशेच्या घरात जाणार आणि सगळा घासा गिअरबॉक्सवर. तुमच्या मागच्या चाकांपैकी जे हवा धरतं ते पुढे घ्या, आणि त्याच्या जागी मागे ही स्टेपनी. तेही चार दिवसांपुरतं, सावकाश. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर त्याचा दिवा लागू शकतो, कारण त्यालाही चाकांच्या फेऱ्यांतला फरक कळतो.

कायमचं म्हणाल तर माझं मत साधं आहे. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर कंपनीचा स्टिकर असेल. त्यावर जे माप लिहिलंय त्याच मापाकडे परत जा. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देत होती. त्याचा व्यास काढून बघा, ६२१.५ येतो. रिम एक इंचाने वाढवली तरी पूर्ण व्यास दोन मिलिमीटरच्या आत जुळवून ठेवलाय. बाहेर अलॉय बसवताना तेवढा हिशोब कुणी केला नाही, एवढीच तुमच्या गाडीची गोष्ट.

सात_रस्ता

काकांचा हिशोब बरोबर आहे, पण दुसरी बाजूही सांगतो. माझ्याकडे तुमच्यासारखीच स्विफ्ट आहे, मीही १६ चे अलॉय वापरतो. चूक १६ च्या रिमची नाही, ५० च्या टायरची आहे. १९५/५५ आर १६ घ्या. १९५ चे ५५ टक्के १०७.२५, दोनदा २१४.५, अधिक ४०६.४, म्हणजे ६२०.९. व्यास कंपनीच्या मापाला जुळला, मीटर बरोबर चालणार, वजन क्रमांक ८७ मिळतो म्हणजे ५४५ किलो. अलॉय आहेत तेच राहतील, चार टायरांवर काम होईल. हायवेला गाडी वळणावर अशी बसते की मजा येते. लोखंडी डिस्क लावून गाडी परत जुनाट दिसेल.

टायरवाला_बाळे

@सात_रस्ता, तुमचं माप बरोबर आहे आणि तुम्ही शहरात, हायवेला चालवत असाल तर मीही तेच देईन. पण मॅडमचा रस्ता बघा. १०७ आणि १३२ मध्ये अडीच सेंटीमीटर गेलेच. शिवाय त्यांची एक रिम ठोकलेली आहे. अलॉय म्हणजे अॅल्युमिनियमची ओतीव रिम. लोखंडी डिस्क वाकते आणि बऱ्याचदा सरळही करता येते. ओतीव रिमला वाकवून सरळ केलं की बारीक तडे राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ट्यूबलेस टायरला ट्यूब नसते, रिमच्या कडेला टायर घट्ट बसतो त्यावरच हवा टिकते. दर आठवड्याला हवा जाते याचा अर्थ ती कड गोल राहिलेली नाही. वेल्डिंग करून देणारे आहेत, पण चौघी बसतात त्या गाडीला मी तसली रिम लावणार नाही.

ऊस_आणि_ट्रॉली

बाई, ट्रॉलीवाल्यांच्या बाजूनं आधी माफी मागतो. भरलेली जोडट्रॉली साइडपट्टीला उतरवली की पलटी होण्याची भीती असतीय, म्हणून आम्ही डांबर सोडत नाय. तुमी उतरता म्हणून आमी जातो, ह्याची जाणीव हाय.

मला गाडीच्या टायरचं माप कधी कळत नव्हतं, कारण आपलं सगळं ट्रॅक्टरवर शिकलेलं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला १३.६-२८, पुढच्याला ६.००-१६. तिथं टक्का बिक्का काय नाय, दोन्ही आकडे इंचात. १३.६ इंच रुंद, २८ इंचाची रिम. मधी जी आडवी रेघ असतीय तिचा अर्थ टायर जुन्या पद्धतीचा, म्हणजे धागे तिरपे एकमेकांवर टाकलेला. आपण नायलॉन टायर म्हणतो तो. त्या रेघेच्या जागी आर आला की रेडियल, धागे सरळ एका कडेपासून दुसऱ्या कडेला. रेडियलची बाजू मऊ असतीय, म्हणून बसायला सुख लागतं, पण बाजूला धोंडा लागला की लवकर फाटतंय. हे काकांनी सांगितलं नव्हतं म्हणून लिवलं.

आमच्याकडं बोलेरो हाय. तिचा टायर २१५/७५ आर १५. तुमचं वाचून पहिल्यांदा हिशोब केला बगा. २१५ चे ७५ टक्के १६१. तुमच्या अलॉयच्या टायरपेक्षा सहा सेंटीमीटर जास्त रबर! बोलेरो बांधावरून जाती, ओढ्यातून जाती, सात वर्षांत फुगा एकदा पण नाय. गाडी मजबूत म्हणून आसं आमी म्हणायचो. टायर मजबूत होता.

आता दोन गोष्टी मनापासून सांगतो. परत डांबरावर चढताना पायरीला घासत घासत, तिरपं चढू नका. तिरपं चढलं की टायरची नुसती बाजू त्या धारंवर खरवडत जाती. थोडं पुढं जाऊन कड जिथं उतरती हाय तिथं चढा, आन् तशी जागा नसंल तर येग अगदी कमी करून चाक जरा जास्त वळवून चढा, म्हणजे टायर समोरून चढंल, बाजूनं नाय. आणि दुसरं, आपल्या भागात येड्या बाभळीचा काटा. कुंपणाच्या फांद्या रस्त्यावर पडतात. टायरात काटा दिसला तर रस्त्यात उपसू नका. ट्यूबलेसमधी काटा आत हाय तोवर हवा हळूहळू जाती. उपसला की भसकन जाती. दुकानात जाऊनच काढा.

मंद्रूप_रोड

सगळ्यांचे खूप आभार. दादा, माफी कशाला, तुमचा नाइलाज मला रोज समोर दिसतो. तिरपं न चढण्याचं मात्र मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी नेमकी तिरपीच चढत होते, कारण त्यात हिसका कमी वाटतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे स्टेपनी मागे घेणारच आहे, पण त्याआधी आज शनिवारची सकाळची शाळा होती म्हणून एक प्रयोग केला. सातवीच्या मुलांना वर्तुळाचा परीघ चालू आहे. मैदानात गाडी उभी केली, पुढच्या दोन्ही टायरांना खडूने खूण केली, खाली जमिनीवर खूण केली. आम्ही शिक्षकांनी गाडी न्यूट्रलमध्ये हळूहळू ढकलली आणि मुलांनी लांब उभं राहून दोन्ही बाजूंचे पाच पाच फेरे मोजले. अलॉयच्या चाकाचे पाच फेरे ९ मीटर १७ सेंटीमीटरमध्ये झाले. स्टेपनीचे पाच फेरे व्हायला ९ मीटर ४५ सेंटीमीटर लागले. पाच फेऱ्यांत २८ सेंटीमीटर! मुलांनी ३८ किलोमीटरचा हिशोब फळ्यावर करून सहाशेच्या वर आकडा काढला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

पण एक अडलं. ६०१.४ ला पायने (π, म्हणजे ३.१४ ने) गुणलं तर एका फेऱ्याला १८९ सेंटीमीटर यायला हवेत. आमचे १८३ च्या आसपास आले. स्टेपनीचंही तसंच, हवे होते १९४-१९५, आले १८९. टेप परत परत लावून बघितली. एका मुलीने विचारलं, "बाई, पाय चुकतो का?" मला उत्तर देता आलं नाही, सोमवारी सांगते म्हणाले. काका, काय चुकलं आमचं?

आणि स्टेपनीवरची चार आकडी तारीख बघितली, ३४१५. हा काय प्रकार?

टायरवाला_बाळे

मॅडम, मुलांना सांगा की पाय चुकत नाही आणि टेपही चुकलेली नाही. चाक गाडीखाली असलं की पूर्ण गोल राहत नाही. गाडीच्या वजनाने खालची बाजू चपटी होते. त्यामुळे आसापासून जमिनीपर्यंतचं अंतर व्यासाच्या निम्म्याहून कमी भरतं आणि एका फेऱ्यात गाडी थोडी कमी पुढे जाते. रेडियल टायरला आमच्याकडे परीघ काढायचा असला तर व्यासाला ३.१४ ने नाही, ३.०५ ने गुणतात. ६०१.४ गुणिले ३.०५ करा, १८३४ मिलिमीटर. तुमच्या पाच फेऱ्यांचे ९१७ सेंटीमीटर. मुलांनी इतकं बरोबर मोजलं हे वाचून मला फार आनंद झाला.

३४१५ म्हणजे २०१५ सालच्या ३४ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. गाडीबरोबरच आलेली मूळ स्टेपनी आहे ती. एकदाही रस्ता बघितला नाही म्हणून नवी समजू नका. रबर नुसतं पडून राहिलं तरी वाळतं, आणि आपल्याकडच्या उन्हात डिकीसुद्धा भट्टी होते. वाकवून बघा, बाजूला बारीक चिरा दिसतील. ती अडीअडचणीला दुकानापर्यंत जायला ठेवा, रोजच्या चार चाकांत घेऊ नका. नवे टायर घेताना हेच चार आकडे बघा आणि चारही टायर जवळच्या तारखांचे मागा.

हायवे_६५

मी सोलापूर-पुणे पॅसेंजर गाडी चालवतो, टायर हाच माझा धंदा. मापाचं सगळं काकांनी सांगितलं, मी हवेबद्दल लिहितो, कारण उंच बाजूचा टायर घेतला आणि हवा कमी ठेवली तर फायदा निघून जातो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्री असलं की लोक म्हणतात हवा गरम होऊन फुगते, म्हणून चार पाऊंड कमी भरा. हे उलटं आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपतो, जास्त चेपला की आतून जास्त तापतो, आणि बाजू तिथेच फुटते. मी दोन टायर असे गमावलेत, एकदा तर मोहोळच्या अलीकडे गाडीत सहा माणसं असताना. देवाने सांभाळलं. तेव्हापासून स्टिकरवर लिहिलेली हवा सकाळी गाडी थंड असताना भरतो आणि दुपारी आकडा वाढलेला दिसला तरी काढत नाही. ती वाढ कंपनीने धरलेलीच असते. स्टिकरवर कमी माणसांना एक आणि भरलेल्या गाडीला एक असे दोन आकडे असतील तर तुम्ही चौघी आणि बॅगा म्हणजे दुसरा धरा.

खडीवर, मुरमावर हवा कमी केली की गाडी मऊ चालते हेही खरं. पण खड्ड्याच्या धारेला कमी हवेचा टायर लगेच रिमपर्यंत चेपतो. तुमच्या पायरीसाठी तर नकोच.

सात_रस्ता

मॅडम, एक विचारू? रबर जास्तच हवंय तर १७५/८० आर १४ का नको? बाजू १४० येते.

टायरवाला_बाळे

चांगला प्रश्न. व्यास ६३५.६ होतो, मूळपेक्षा अडीच टक्के जास्त, गाडी ८ मिलिमीटर वर येते. मी आतबाहेर ३ टक्क्यांपर्यंत मान्य करतो, म्हणजे कागदावर बसतंय. पण चार जणी बसल्यावर, चाक पूर्ण वळवून खड्ड्यात गेलं की आतल्या प्लॅस्टिकला घासेल का हे गाडीवर लावूनच कळतं. आणि मोठं चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरला जाणवतं. मूळ मापाने काम भागतंय तिथे मी पुढे जात नाही. जाड नक्षीचे ऑल टेरेन टायर मागायलाही लोक येतात. मुरमाला, धोंड्याला ते चांगले. पण आपली काळी माती ओली झाली की नक्षी एका फेऱ्यात भरून जाते आणि कुठलाही टायर गुळगुळीतच होतो. शिवाय मॅडमचे २७ किलोमीटर हायवेचे आहेत, तिथे रोज तो आवाज.

मंद्रूप_रोड

सव्वा महिन्याने लिहितेय, कारण वापरून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मूळ मापावर परत आले. दारावरच्या स्टिकरवर १६५/८० आर १४ च होतं. चार लोखंडी डिस्क वापरलेल्या पण सरळ मिळाल्या. दुकानात चारही मशीनवर फिरवून बघितल्या, एक आऊट निघाली ती बदलून घेतली. अलॉयचे नट वेगळे होते, ते डिस्कच्या भोकात नीट बसत नव्हते, म्हणून मूळ पद्धतीचे नट घेतले. ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती आणि मला ती महत्त्वाची वाटते. दुसऱ्या कुणी असा बदल केला तर नट नक्की तपासा. चार नवे टायर, तारखा एकाच महिन्यातल्या. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून डिस्कसकट सगळे मिळून साडेबावीस हजार गेले. तीन चांगल्या अलॉयचे थोडे पैसे परत आले. ठोकलेली रिम मी विकली नाही. ती दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागावी असं मला वाटत नव्हतं.

फरक पहिल्या दिवशीच कळला. त्या ११ किलोमीटरमध्ये मागे बसलेल्या बाईंनी डबा मांडीवर धरला नव्हता, सीटवर ठेवला होता. पायरीवरून चढताना आवाज येतो तो आता जड, बसका येतो, आधी धातूसारखा खण्ण यायचा. शाळा ते घर मीटरवर ३८.० आलं तेव्हा सरांना फोन करून सांगितलं.

@सात_रस्ता, तुमची गोष्टही खरी निघाली. हायवेच्या वळणावर गाडी आधीइतकी घट्ट वाटत नाही, थोडी डोलते. पहिले चार-पाच दिवस मी वेग कमी ठेवून हाताला सवय केली. कुणी बदल करणार असेल तर हे माहीत असावं.

दर सोमवारी सकाळी निघण्याआधी हवा तपासते, स्वतःचा छोटा गेज घेतलाय. हवा अजून एकदाही कमी भरलेली नाही. उतरती जागाही सापडली. ओढ्याच्या पुलाच्या अलीकडे, पिंपळाजवळ. ट्रॉली आली की तिथवर साइडपट्टीनेच जाते आणि तिथे वर चढते.

फुगा आलेला टायर दुकानदारांकडून कापून घेतला, फुग्याच्या जागीच. आत बोटभर लांबीची रेघ आहे, तिथले सगळे धागे तुटून त्यांची टोकं कापसासारखी पिंजली आहेत. बाहेरून रबरावर साधा ओरखडाही नाही. मुलांना दाखवला तर एकाने विचारलं की मग बाहेरून कळणार कसं. मी त्याला टायरच्या बाजूवरून हात फिरवायला लावला. तो तुकडा आता वर्गात ठेवायचा विचार आहे.

टायरवाला_बाळे

फार चांगलं केलंत मॅडम. नटांचं मीच सांगायला हवं होतं, राहून गेलं. तो तुकडा मुलांच्या हातात देण्याआधी एक करा. कापलेल्या कडेला, नक्षीच्या बाजूने, स्टीलच्या बारीक तारा बाहेर आलेल्या असतात. दिसत नाहीत, पण बोटात जातात. कानशीने घासून त्यावर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या आणि मगच कपाटात ठेवा.